पायाळूची लाथ आणि हाडवैद्याचा हात



मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोके नंतर. आता असे मूल पोटात असल्याचे आधीच कळते आणि डॉक्टर बहुधा शस्त्रक्रिया करतात, त्यामुळे नव्या पिढीला हा शब्दही फारसा ठाऊक नसेल. पण १९५१ साली आमच्या तेरमध्ये सुईणीने मला पायांकडून सोडवले, आणि त्या दिवसापासून माझ्या नशिबाला दोन गोष्टी चिकटल्या. एक म्हणजे आभाळात वीज कडाडू लागली की आई मला ओढून घरात घेई, कारण पायाळूवर वीज पडते असा समज. दुसरी म्हणजे गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला आमच्या अंगणात आणून पालथे झोपवीत आणि माझ्याकडून त्याच्या पाठीवर लाथ मारून घेत.

मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. लाथ म्हणजे काय, पायाचा तळवा हलकेच टेकवायचा. मोठ्या माणसाला लाथ मारायची आणि वर गुळाचा खडा मिळवायचा, असे भाग्य किती मुलांच्या वाट्याला येते? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो गडी ताठ चालत शेतावर जाताना दिसे आणि आजी अभिमानाने म्हणे, "बगा, आमच्या बाळूच्या पायाचा गुण."

हे सगळे आज आठवण्याचे कारण, गेल्या आठवड्यात अमेरिकेतून आलेला भाच्याचा फोन. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. दिवसभर संगणकासमोर बसून त्याची कंबर धरली आहे. म्हणाला, "मामा, इथे एक कायरोप्रॅक्टर आहे. पाठीवर दाब देऊन कटकन् आवाज काढतो आणि पाठ मोकळी करतो. जाऊ का? तुम्हाला विचारायलाच हवं, आपल्या घराण्यातले पहिले कायरोप्रॅक्टर तुम्हीच!" आम्ही दोघेही हसलो. मग फोन ठेवता ठेवता तो सहज बोलून गेला, "सकाळी उठल्यावर हाताची बोटं पण जरा आखडतात. वयाचं असेल."

ते शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. त्याला जे सांगायचे ते फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून जरा मागून, इतिहासापासून सुरुवात करतो. चाळीस वर्षे वर्गात उभे राहण्याची सवय, थेट मुद्द्यावर येणे जमत नाही. भाच्यासकट सर्वांनी सांभाळून घ्यावे.

आमचे तेर हे सांध्यांना राबवणारे गाव. सातवाहनांच्या काळी याचे नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरहून माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाई असा उल्लेख आहे. ती पोती, त्या गासड्या कुणाच्या तरी पाठीवरूनच गाडीत चढल्या असतील. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकात याच गावी गोरोबाकाका चिखल तुडवीत होते. त्यांची कथा सांगताना आपण भक्तीबद्दल बोलतो, आणि ते योग्यच. पण ज्यांनी कुंभाराचे काम जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की घोट्याएवढ्या चिखलात तासन्‌तास पाय उचलून टाकायचे म्हणजे गुडघ्यांचे आणि कमरेचे काय होते. त्यात भर म्हणून बायकांचे दळणकांडण, पाण्याच्या घागरी, ज्वारीची काढणी आणि वर पंढरीची पायी वारी. सांधेदुखी ही इथली पिढीजात सोबतीण.

या सोबतिणीला आपण एकच नाव ठेवले, वात. गुडघा दुखला, वात. बोटे सुजली, वात. अंगठा लाल झाला, वात. पण आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र असे सगळे एका पोत्यात भरले नव्हते. चरकसंहितेत संधिगत वाताचे वर्णन आहे. त्यात सांधा हाताला वारा भरलेल्या पखालीसारखा लागतो आणि हलवताना दुखतो. त्याच ग्रंथात वातरक्त हा वेगळा रोग सांगून त्याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने आपल्या 'माधवनिदान' ग्रंथात आमवात नावाचा आणखी एक रोग निराळा काढून त्याचे प्रकरणच लिहिले. आजचे वैद्य साधारणपणे पहिल्याची तुलना झिजेच्या सांधेदुखीशी, दुसऱ्याची गाऊटशी आणि तिसऱ्याची ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी करतात. तुलना तंतोतंत नसेल, पण दुखणे एकसारखे दिसले तरी रोग एक नसतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते एवढे नक्की.

हाड मोडणे आणि सांधा निखळणे हा पुन्हा वेगळाच प्रांत. तो सुश्रुताचा. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार दिले आहेत. सांधा ओढायचा कसा, दाबून जागेवर कसा आणायचा, वड-पिंपळ-उंबराच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून कसा बांधायचा, हे सगळे त्यात आहे. रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांनी अवयव स्थिर ठेवण्याची युक्तीसुद्धा आहे. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळली तर सूज व वेदना वाढतात, असा इशाराही आहे. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की कोणता मोड बरा होणार नाही, कोणत्या रोग्याचे कठीण आहे, हेही सुश्रुत स्पष्ट सांगतो. उपचार शिकवणाऱ्याने 'इथे हात घालू नकोस' हेही शिकवले पाहिजे.

हे ग्रंथ पाठशाळेत राहिले आणि हाताचे कसब गावोगाव तालमींत, धनगरवाड्यांत, वैदूंच्या पालांत राहिले. आपल्याकडे हाड बसवणारा बहुधा तालमीचा वस्ताद असे. ते साहजिकच होते. रोज कुणाचा खांदा उतरे, कुणाचे मनगट मुरगळे. शेकडो अंगे रगडून त्याच्या बोटांना हाड कुठे असायला हवे आणि कुठे आहे हे न बघता कळे. या परंपरेतले मोठे नाव म्हणजे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. व्यायामाचा प्रसार हे त्यांचे जीवितकार्य, पण हाडवैद्य म्हणूनही त्यांची मोठी ख्याती होती.

आता कुणाला वाटेल, हे आपल्याकडचेच काहीतरी अडाणी प्रकरण. तसे मुळीच नाही. विलायतेतही अशीच हाडे बसवणारी घराणी होती. १७३६ च्या सुमारास सारा मॅप नावाची एक धिप्पाड बाई लंडनजवळच्या एप्सम गावी हाडे बसवी आणि तिच्याकडे मोठमोठी माणसे जात. पदवीधर डॉक्टर अशा लोकांना हिणवत. पण १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने डॉक्टरांपुढे व्याख्यान देऊन बजावले की हे लोक काही रोगी खरोखर बरे करतात. त्यांचे चांगले ते शिका आणि वाईट ते टाळा, असा त्यांचा सल्ला होता.

त्याच काळात वेल्समधल्या अशाच एका हाडवैद्याच्या घराण्यातला मुलगा डॉक्टर झाला. त्याचे नाव ह्यू ओवेन थॉमस. वडिलांवर पदवी नसल्यामुळे खटले होत, म्हणून त्यांनी मुलांना वैद्यकशाळेत घातले. थॉमसने लिव्हरपूलमध्ये मांडीच्या हाडासाठी एक साधी लोखंडी चौकट बनवली, तिला आज थॉमस स्प्लिंट म्हणतात. तो १८९१ साली वारला. पण पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती चौकट वापरात आणली आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास आले असे सांगतात. हाडवैद्याचा हात आणि दवाखान्यातले शास्त्र एकत्र आले की काय होते, त्याचे हे उदाहरण.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मिसूरी राज्यात अँड्र्यू टेलर स्टिल याने १८७४ मध्ये ऑस्टिओपथीचा विचार मांडला आणि १८९२ मध्ये शाळा काढली. पाठोपाठ आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर उभा राहिला. मूळचा कॅनडाचा, आधी किराणा दुकान चालवलेला आणि मग चुंबकशक्तीने रोग बरे करतो म्हणणारा हा गृहस्थ. त्याच्या सांगण्यानुसार १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने इमारतीची झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले! एका पाद्री मित्राने ग्रीक शब्द जोडून या विद्येचे नामकरण केले, कायरोप्रॅक्टिक. सोप्या मराठीत 'हातांनी केलेले काम'. १८९७ मध्ये पामरची शाळा निघाली. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल त्याला तुरुंगातही जावे लागले.

पामरचा हात वाईट नसावा. त्याची चूक वेगळी होती. माणसाचे ९५ टक्के रोग मणका सरकल्यामुळे होतात, असे त्याने जाहीर केले. म्हणजे आपला 'वात' तोच, फक्त इंग्रजी कोट घालून आला! एका दुखण्यावर लागू पडलेली किल्ली त्याने सगळ्या कुलपांना लावली.

पुढे त्या विद्येतल्या बऱ्याच लोकांनी तो दावा सोडला, काहींनी सोडला नाही. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने तिच्यावर बहिष्कार घातला होता, पण १९८७ मध्ये न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विद्येचे शिक्षण आणि सुरक्षितता यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सांगितलेल्या उपायांत, व्यायाम आणि समज देणे यांच्या बरोबरीने, मणक्याच्या हस्तोपचारालाही एक पर्याय म्हणून जागा दिली. म्हणजे कंबरदुखीला काही प्रमाणात उपयोग आहे, चमत्कार नाही. बहिरेपणाला किंवा मधुमेहाला उपयोग होतो याला काही आधार नाही. आणि मान झटक्याने फिरवण्यात क्वचित, पण गंभीर धोका असतो. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची हौस असलेल्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आणि तो 'कट्' आवाज? लहानपणी मला वाटे, सरकलेले हाड जागेवर बसले की तो येतो. तसे नाही. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो. सांधा ताणला की तिथला दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटे मोडताना एमआरआय यंत्रात हे प्रत्यक्ष पाहिले. लगेच पुन्हा बोट मोडले तर आवाज येत नाही, थोडा वेळ थांबावे लागते, हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी तर साठ वर्षे फक्त एका हाताची बोटे मोडली आणि दोन्ही हात सारखेच राहिले हे दाखवून २००९ चे गमतीचे इग्नोबेल मिळवले. थोडक्यात, आवाज म्हणजे इलाज नव्हे. आज मोबाइलवर असे कडकड आवाजाचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, तेव्हा मला आमच्या अंगणातली गर्दी आठवते.

मग माझ्या लाथेने लोक बरे कसे होत? याचे उत्तर मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. पाठीतली उसण ही बहुतेक वेळा स्नायूंची तात्पुरती धरलेली गाठ असते आणि ती काही दिवसांत आपोआप सुटते. माणूस पायाळूकडे येतो तो दुखणे अगदी कळसाला पोचले की, म्हणजे उतार सुरू होण्याच्या वेळेला. बरे होणार तो होतोच, श्रेय लाथेला जाते. शिवाय कुणीतरी अंगाला हात (किंवा पाय) लावला, धीर दिला, याचा गुण वेगळाच. हे केवळ माझ्या लाथेचे नाही, जगातल्या कित्येक नामांकित उपायांच्या कीर्तीचे गुपित आहे.

इथवर सगळे गमतीचे झाले. आता अक्काचे सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडेही जमीन हादरली. त्यानंतर कित्येक दिवस लोक भीतीने उघड्यावर झोपत. अक्काही मुलाबाळांसह अंगणात झोपे. त्या हिवाळ्यात तिची बोटे दुखू लागली. सकाळी उठले की तास-दीड तास मूठ वळत नसे. सगळ्यांनी एकमताने निदान केले, गार भुईवर झोपून वात धरला.

अक्का मला भेटायला आली तेव्हा तिची पाठही दुखत होती. हसत म्हणाली, "बाळू, मार की रे एक लाथ. लहानपणी मारायचास तशी." बेचाळीस वर्षांचा, बीए झालेला, मुलांना विज्ञानसुद्धा शिकवणारा मी, तिला पालथे झोपवून पाठीवर पाय ठेवला. दोघे पोट धरून हसलो. तिची पाठ खरेच दोन दिवसांत थांबली. आणि तिथेच घात झाला. पाठ थांबली म्हणजे बोटेही थांबतील असे आम्ही धरून चाललो. मग कुणाकडे तेल चोळून घेतले, एका ठिकाणी मनगटे आवळून बांधली, ती भाकरीसारखी सुजली. एकाकडच्या पुड्यांनी जादूसारखे बरे वाटले आणि पुड्या थांबताच दुप्पट दुखू लागले. या प्रत्येक ठिकाणी तिला घेऊन जाणारा मीच होतो. अशी चार वर्षे गेली.

१९९७ मध्ये तिची मान दुखू लागली. मी तिला एका म्हाताऱ्या वस्तादांकडे नेले. हाडे बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. ते तिची मान फिरवून एकदा मोकळी करतील, अशी माझी अपेक्षा. त्यांनी मानेला हातही लावला नाही. आधी तिचे दोन्ही पंजे हातात घेतले, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला, कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, हे हाड सरकल्याचं न्हाई. सरकलेलं हाड एका अंगाला असतं. हे दोन्ही हातांत सारखंच हाय, आतनं गरम हाय. हे आपल्या हातातलं काम न्हाई. उद्याच्या उद्या सोलापूरला न्या."

सोलापुरात निदान झाले, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. माधवकराने निराळा काढलेला, इंग्लंडमध्ये आल्फ्रेड गॅरॉडने १८५९ मध्ये हे नाव दिलेला रोग. यात शरीराची स्वतःचीच संरक्षक शक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. डॉक्टर म्हणाले, या रोगात मानेच्या वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल होऊ शकतात. अशी मान कुणी झटका देऊन फिरवली तर मज्जारज्जूवर दाब येऊन माणूस कायमचा लुळा पडू शकतो, प्रसंगी जातोही. मी खुर्चीत बसून होतो, तरी माझे पाय थरथरले.

औषध सुरू झाले. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी, आठवड्यातून एकदा. दुखणे आटोक्यात आले, मान वाचली. पण बोटे वाकडी झाली ती झालीच. हा रोग पहिल्या काही महिन्यांत ओळखून औषध दिले तर सांधे बरेचसे वाचवता येतात, ती संधी आम्ही दवडली होती. अक्काची भाकरी सगळ्या नात्यात प्रसिद्ध. परातीत थापताना ती अशी गरगर फिरे की बघत राहावे. १९९७ नंतर तिने भाकरी थापली नाही. तिने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. एवढेच म्हणे, "तू लाथ मारलीस त्यानं पाठ तर बरी झाली ना!" २०१८ मध्ये ती गेली. ते वाक्य माझ्यापाशी राहिले.

आणखी एक प्रसंग सांगून आवरते घेतो. २००६ साली आमच्या भागात चिकुनगुन्या आला. आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतल्या या शब्दाचा अर्थच वाकवून टाकणारा असा आहे, आणि १९५२-५३ मध्ये टांझानियात ही साथ प्रथम नोंदली गेली. आपल्याला ती नवीन वाटली, पण नव्हती. आमच्या शेजारच्या बार्शीत १९७३ मध्ये तिची मोठी साथ येऊन गेली होती. पुण्याच्या विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा शंभरातल्या सुमारे ३७ जणांना लागण झाल्याचे दिसले. पुढे ३२ वर्षे देशात मोठी साथ आली नाही आणि आपण विसरलो. २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. गल्लीत धट्टीकट्टी माणसे भिंत धरून चालत. कारण काय, तर दिवसा चावणारा एडिस डास. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी येणारे पाणी रांजणांत, पिंपांत साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. हा रोग ना गार भुईचा, ना सरकलेल्या हाडाचा. तो आमच्या रांजणातून निघाला होता.

त्या दिवसांत एक म्हातारबुवा काठी टेकत माझ्या दारी आले. "गुरुजी, तुमी पायाळू. पाठीवर पाय ठिवा, लई उपकार हुतील." मी त्यांना बसवले, चहा दिला आणि वस्तादांचेच वाक्य त्यांना ऐकवले. हे माझ्या पायातले काम नाही. त्यांना सरकारी दवाखान्यात नेले आणि परत येऊन आधी घरचे रांजण पालथे घालून घासले. तेव्हापासून आमच्या घरी आठवड्यात एक कोरडा दिवस पाळतात, आजतागायत.

गोरोबाकाकांची ती आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणते मडके कच्चे ते सांगितले. मला त्या वस्तादांचा अंगठा आठवला की ते थापटणे आठवते. हाड बसवण्याची त्यांची कला मोठी होतीच, पण त्या दिवशी अक्काला वाचवले ते त्यांनी हात आवरला म्हणून. दोन हजार वर्षांत कितीतरी हातांनी माणसांचे सांधे ओढले, दाबले, बांधले. त्यांतले चांगले कोण हे मी आता एकाच खुणेवरून ओळखतो, 'हे माझे काम नाही' असे म्हणणे त्यांना जमते का?

तर भाचेबुवा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. कंबरेसाठी कायरोप्रॅक्टरकडे जायचे तर जा, माझी ना नाही. पण तो आधी तुझी सगळी हकीकत विचारतो का, कोणत्या रोग्याला हात लावत नाही हे सांगतो का, ते बघ. पुढच्या वीस बैठकांचे पैसे आधी मागितले तर उठून ये. मानेला झटका देऊ देऊ नकोस. आणि रोज उठून चाल, तुझ्या कंबरेला खुर्चीचा कंटाळा आला आहे.

पण हे सगळे नंतर. आधी ती सकाळची बोटे. किती वेळ आखडतात, घड्याळ लावून बघ. अर्ध्या तासाहून जास्त असेल, दोन्ही हातांत सारखे असेल, पेरांवर सूज असेल, तर ते वयाचे नाही. संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखव, आईला हा रोग होता हे आवर्जून सांग. सगळ्यांच्या मुलांना तो होतो असे नाही, पण रक्ताच्या नात्यात थोडा जास्त संभवतो. आता औषधे तुझ्या आईच्या काळापेक्षा खूप चांगली आहेत, फक्त वेळेवर पोचायला हवे.

लेख लिहायला घेतला तेव्हाच हे एवढे त्याला फोनवर सांगून टाकले होते, बाकीचा इतिहास त्याने इथे वाचावा. काल रात्री त्याचा फोन आला. डॉक्टरांची वेळ मिळाली, रक्तही तपासायला दिले म्हणाला. निकाल यायचा तो येईल. अक्काच्या वेळी चार वर्षे गेली होती, या वेळी चार दिवस गेले.

तुमच्याकडे कुणी पायाळू आहे का? असल्यास जरूर कळवा. आमची जमात आता संपत चालली आहे!

तूर्तास इतकेच.